बोलका बाक

गुरनेक सिंगांचं प्रेत नशामुक्ती केंद्राच्या मागच्या संडासात सापडलं. दाराला आतून कडी होती. पगडी शाबूत, पाय दुमडलेले, शेजारी सुई. फरशीवर इतकं फिनाइल ओतलं होतं की डोळे चुरचुरत होते.

"आधी फिनाइल आणलं की आधी पोलीस बोलावले?" सिमरतने विचारलं. ती गुरनेक सिंगांची मुलगी. लुधियान्याहून नुकतीच पोचली होती.

ठाणेदार जगतार सिंग वाकून दाराची कडी बघत होते. केंद्र चालवणाऱ्या सुखवंत मॅडम पुढे आल्या आणि त्यांनी तिला छातीशी धरलं.

"पुत्तर, आज पाहुणे यायचे होते. अशी घाण कशी ठेवायची?"

सिमरतने त्यांचे हात बाजूला केले.

मॅडमनी कागद आधीच तयार ठेवला होता. 'रुग्णाने स्वतःहून उपचार सोडले.' खाली घरच्यांची सही हवी होती. चार दिवसांनी भोग, म्हणजे मृतासाठीच्या पाठाची सांगता होती. म्हातारा शब्द मोडून चिट्ट्याकडे, हेरॉइनच्या सुईकडे परत गेला, असंच मनात धरून सगळं गाव गुरुद्वारात प्रार्थनेला, अरदासला उभं राहणार होतं.

"मी सही करणार नाही. ते रोज इथे नशा सोडवायची गोळी घ्यायला येत होते."

"कशावरून?" ठाणेदारांनी विचारलं.

"रोज सकाळी मी फोन करते. आधी ते उचलायचेच नाहीत, दुपारी स्वतः करायचे. हल्ली इथल्या गोळी घ्यायच्या बाकावरून पहिल्या घंटीला बोलायचे. चहा पीत, मागे हशा चाललेला. खूप खुलले होते."

"बघा," मॅडम म्हणाल्या. "मायेनं माणूस खुलतो. त्या बलराजच्या वेळी इथे तुरुंग होता."

बलराज आधीचा कंपाउंडर. उद्धटपणाच्या तक्रारीवरून वैशाखीच्या सुमारास त्याला काढलं होतं. त्याचा सूड म्हणून तोच या लोकांना चिट्टा पुरवतो, असं मॅडमचं म्हणणं. ठाणेदारांना ते पटलेलं दिसत होतं.

सिमरत त्यांच्याबरोबर बलराजकडे गेली. तो म्हशीला पाणी दाखवत होता.

"चिट्टा विकतोस?" ठाणेदार.

"विकला असता तर म्हैस स्वतःची असती, साहेब. ही काकाची आहे."

"माझ्या वडिलांशी भांडण होतं तुमचं?" सिमरतने विचारलं.

"रोजचंच. त्यांच्याशी एकट्याशी नाही, भैणजी, अख्ख्या बाकाशी. गोळी दिली की गप बसायचं. चहा नाही, पाणी नाही. तोंड उघडून दाखवल्याशिवाय उठायचं नाही. जल्लाद म्हणायचे मला."

"तक्रार कोणी केली?"

"सगळ्यांनी. तुमच्या बापूंचीही सही आहे. मॅडमनी सह्या घेतल्या आणि त्याच दिवसापासून चहा सुरू केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमरत त्या बाकावर जाऊन बसली. भिंतीवर पाहुण्यांचे हारातुऱ्यांचे फोटो होते आणि वर पाटी, 'हसतं-खेळतं केंद्र'. मॅडमनी कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं, ताटलीत गोळ्या काढल्या आणि एकेकाच्या तोंडात स्वतःच्या हाताने ठेवल्या. पाठोपाठ गोड चहाचे पेले फिरले. बाकावर हसणं, खिदळणं सुरू झालं.

शेजारी वडिलांचे मित्र निहालचाचा बिस्किट बुडवून खात होते.

"तुझा बाप फार हसवायचा. शेवटी मात्र हात कापायचे त्याचे. रात्रभर घाम. माझंही तेच, हाडं फुटतात."

"मॅडमना सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. त्या म्हणतात गोळी कमी करत आणलीय, त्रास होतो म्हणजे प्रगती आहे. आपलंच मन कच्चं." चाचांनी आवाज खाली आणला. "पाहुण्यांसमोर बोलायचं नसतं. मग चहा बंद होतो."

सिमरत त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बिस्किटाने भरलेलं, बोलणारं तोंड. मग ती उठली आणि तिने ठाणेदारांना फोन केला.

ठाणेदार आले तेव्हा उशिरा आलेल्यांसाठीच्या गोळ्या ताटलीत उरल्या होत्या.

"मॅडम, चहा थांबवा," सिमरत म्हणाली. "साहेब, मी जिल्हा रुग्णालयात विचारून घेतलं, ही गोळी गिळायची नसते. जिभेखाली ठेवून सावकाश विरघळू द्यायची. पोटात गेली की जवळजवळ फुकट गेली. बलराज तोंड मिटा म्हणून ओरडायचा तो यासाठी. बापू सकाळी फोन उचलत नसत, कारण तोंडात गोळी असायची. ते उचलायला लागले, तेव्हा औषध बंद झालं होतं."

"माणुसकी म्हणून चहा दिला," मॅडम म्हणाल्या. "चुकलं असेल माझं."

"इतकी वर्षं केंद्र चालवताय, तुम्हाला माहीत नाही? खरी गोळी कडू असते. ही कडू नसणार, ते कळू नये म्हणून वर लगेच गोड चहा. तोंड तपासणारा माणूस नको, म्हणून तक्रार. अंगदुखीनं माणसं तडफडली की त्यांचंच मन कच्चं. बलराजकडे किल्ली नाही, मॅडम. ती तुमच्या कमरेला आहे."

ठाणेदारांनी ताटलीतली एक गोळी जिभेखाली ठेवली. सगळा बाक त्यांच्याकडे बघत होता.

"गोड," ते म्हणाले. "साखर घातलेला खडू आहे नुसता." उरलेल्या गोळ्या त्यांनी रुमालात बांधल्या. "खऱ्या कुठे आहेत?"

मॅडमनी पदराने ओठ टिपले. आवाज तसाच मऊ होता.

"बाहेर चांगल्या घरची मुलं पैसे मोजून घेतात. ती सुधारतील तरी. हे कधी सुधारलेत का, साहेब? यांच्या तोंडात घालून वाया घालवायच्या?"

निहालचाचांनी पेला खाली ठेवला आणि तोंडातलं बिस्किट हातात थुंकलं.

"यांनी चिट्टा दिला नाही," सिमरत ठाणेदारांना म्हणाली. "बापूंचं औषध काढून घेतलं आणि ते कुठे जातील हे यांना माहीत होतं. बापूंना मात्र शेवटपर्यंत वाटलं असेल की मन आपलंच कच्चं आहे."

तिने तो सही न केलेला कागद घडी करून ठाणेदारांकडे दिला.

भोगाच्या आदल्या दिवशी केंद्र पुन्हा उघडलं. जिल्ह्याहून नव्या गोळ्या आल्या होत्या आणि बलराज हात मागे बांधून बाकासमोर उभा होता. एकही आवाज नव्हता.

"चाचा," सिमरतने निहालचाचांना विचारलं, "उद्या बापूंबद्दल चार शब्द तुम्ही बोलाल?"

चाचांचे डोळे भरून आले. त्यांनी मिटलेल्या तोंडाकडे बोट दाखवलं आणि हाताने खूण केली, थांब.

ती त्यांच्या शेजारी बसून राहिली.