गाद्यांमधला आरसा

"बाई, बसमध्ये माणसं न्यायचीत, सामान नाही!" कंडक्टर खेकसला.

"हे सामान नाही... आरसा आहे," मी पुटपुटले. समोरासमोर बोलायचं म्हटलं की माझी बोबडी वळते. पार्लरमध्ये माझं रूप वेगळं! खुर्चीतली बाई आरशात, मी आरशात, आणि मग माझी जीभ कात्रीलाही ऐकत नाही. आरशातून मी लग्नं जुळवलीत, भांडणं मिटवलीत, एका मास्तरीणबाईंना त्यांचा अंबाडा शोभत नाही हे तोंडावर... म्हणजे आरशावर सांगितलंय. पण कंडक्टर काही आरशात नव्हता. बस गेली.

वादळ संध्याकाळी किनाऱ्यावर धडकणार होतं. भोंग्यावरून सारखं ओरडत होते, घरं रिकामी करा, उंचावरच्या शाळांमध्ये जा. पाऊस अगदी आडवा येत होता. आरशाचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं आत्यानं. तिची छत्री केव्हाच उलटी झाली होती.

आरसा आईचा. माणसाच्या उंचीचा, सागवानी चौकटीचा. आईनं पार्लर सुरू केलं ते याच्या भरवशावर. ती गेल्यापासून दादा एकच धोशा लावून होता, "शटर ओढ, आत्याला घे आणि शहरात ये. तिथं नोकरी बघतो तुला." आरसा फुटला असता तर त्याचंच म्हणणं खरं झालं असतं.

एवढ्यात एक टेम्पो शेजारी थांबला.

"आरसा आडवा घालाल तर नेतो," चालवणारा म्हणाला. "मागे सगळ्या गाद्या आहेत. एवढं मऊ अंथरूण त्याला जन्मात मिळणार नाही."

गाद्यांच्या कारखान्याचा माल होता. मालकानं तो वरच्या गोदामात हलवायला सांगितला होता.

"आणि फुटला तर?" आत्यानं विचारलं.

"तर त्याच्या जागी मला भिंतीवर टांगा, मावशी."

"तुला टांगून आम्हाला काय दिसणार?" आत्या म्हणाली, पण सगळ्यांत आधी तीच चढून बसली.

खिडकीशी आत्या, मध्ये मी, पलीकडे तो. काचेवर वायपरची धडपड चालली होती. आणि वर एक लहानसा आरसा... त्यात दोन डोळे, अधूनमधून माझ्याकडे बघणारे.

"सारखं काय बघताय?" मी विचारलं. आरशात होता ना तो, मग माझं काय अडतंय!

"मागून काही येतंय का ते."

"मागे टपापर्यंत गाद्या आहेत."

"तेच... गाद्या येतायत ना ते बघतोय."

मी हसू दाबलं. "तुमचे केस कुणी कापलेत हो?"

"का?"

"त्या माणसाला मोकळं सोडणं बरं नाही."

"मीच कापलेत."

"मग तुम्हालाच सोडायला नको." बोलून गेले आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा बारीक व्हायचा. मग मी बोलतच सुटले. आईबद्दल, पार्लरबद्दल, दादाच्या धोशाबद्दल. घाट चढून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "नंबर द्याल? म्हणजे... आरशासाठी."

"आधी आरसा नीट परत आणा. मग बघू."

झोपेचं सोंग घेतलेल्या आत्यानं मला कोपर मारलं. मी लक्ष दिलं नाही, आणि हा नखरा मला चांगलाच भोवला.

शाळेच्या फाटकात एक अधिकारीबाई धावत आल्या. "गाद्या? अहो, देवासारखे आलात! पुढच्या शाळांत म्हातारी माणसं गार फरशीवर पडलीयेत!" त्यानं मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, वाटून टाक. मागच्या थोड्या गाद्या तिथं उतरवल्या, पण आरसा गाद्यांच्या थरांत पार आतपर्यंत सरकवलेला होता आणि वारा वाढत होता.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केसांतून पाणी निथळत होतं. "आरसा आणतो. तुमच्या पार्लरमध्येच आणून देतो. फक्त..."

फक्त काय? मला विचारायचं होतं. नंबरही द्यायचा होता. पण तो समोर होता, आरशात नव्हता. माझ्या तोंडून शब्द फुटेना. कुणीतरी त्याला हाक मारली आणि टेम्पो पावसात दिसेनासा झाला.

मग वादळ आलं. त्याचं वर्णन करत नाही. आत्यानं माझा हात सोडला नाही, एवढं पुरे.

परतलो तेव्हा आमची गल्ली ओळखू येईना. पार्लरचं छप्पर उडालं होतं, खुर्ची चिखलात लोळत होती. भिंतीवर आरशाच्या जागी तेवढा रंग नवाकोरा राहिला होता. तो पाहून मला रडूच फुटलं.

नुकसानीचा पंचनामा करायला कारकून आला. "छप्पर गेलं. खुर्ची मोडली. ड्रायर?"

"समोरच्या झाडावर आहे," आत्या म्हणाली.

"भिंतीवर काय होतं?"

"आरसा," मी म्हटलं.

"गेला असं लिहू? भरपाईत धरता येईल."

हो म्हणणं सोपं होतं. पण लिहिलं की संपलंच. आरसाही आणि आरशावर टांगून ठेवलेली माझी आशाही.

"नको. तो येणार आहे."

"कोण, आरसा?"

"...आरसाच." आत्याला एकदम खोकला आला.

फोन सुरू झाल्यावर दादाचा पहिलाच फोन आला. आरशाचं ऐकून तो उखडला. "ओळख ना पाळख, त्या माणसाला आईचा आरसा देऊन बसलीस? रविवारी गाडी घेऊन येतो. दोघी तयार राहा."

मी खुर्ची धुतली. तिचा मोडका पाय बांधला आणि बाहेर पायरीपाशी मांडली. रविवारपर्यंत नुसतं बसून काय करायचं? शेजारच्या शिंपीणकाकू आल्या. त्यांच्या केसांच्या चिखलानं जटा झाल्या होत्या, घराच्या दोन भिंती पडल्या होत्या.

"काकू, आरसा नाहीये."

"मग तू सांग, कशी दिसते ते."

केस कापून झाल्यावर मला पुढे यावं लागलं. वाकून थेट त्यांच्या डोळ्यांत बघावं लागलं. आणि चक्क शब्द फुटले. "दमलेल्या दिसताय, काकू. पण छान दिसताय." त्या आधी रडल्या, मग हसल्या. मग त्यांनी जावेला पाठवलं, जावेनं मैत्रिणीला, आणि पायरीपाशी रांग लागली. मी एकेकीच्या समोर उभी राहून बोलत होते. माझी बोबडी कुठे पळाली कोण जाणे! मान वर केली की नजर मात्र गल्लीच्या तोंडाशी जायची.

रविवारी दादा आला. रांग बघून त्यानं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग बाह्या सरसावल्या, ताडपत्री घेतली आणि शिडी लावून वर चढला. वरून ओरडला मात्र, "आरशाशिवाय किती दिवस रेटणार आहेस?"

तेव्हाच हॉर्न वाजला. चिखलानं माखलेला टेम्पो गल्लीत वळला.

तो उतरला. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. "उशीर झाला," तो म्हणाला. "घाटात दरड आली होती. आणि... गाद्या काढताना आरसा बाहेर घेतला, तर लोक सोडेनात. एक आजी होत्या, घर गेल्यापासून तोंडातून अक्षर नाही. आरशात बघितलं आणि म्हणाल्या, 'अगं बाई, मी आहे की अजून!' मग प्रत्येक शाळेत नेला. तुम्हाला न विचारता. एका कोपऱ्याचा टवका उडालाय..."

त्यानं आरसा खाली उतरवला. मी त्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. आईला हे फार आवडलं असतं.

"आत नेऊन लावू?" त्यानं विचारलं.

"राहू दे. आधी या खुर्चीत बसा. ते केस मला बघवत नाहीत."

तो बसला. आरसा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मी खुर्चीसमोर येऊन उभी राहिले.

"कसा दिसतोय?"

"भयंकर," मी म्हटलं. "आणि इतके दिवस मी गल्लीच्या तोंडाशी बघत होते ना... ते आरशासाठी नव्हतं."

म्हटलं खरं! त्याच्याच तोंडावर. आणि मी नजर हटवली नाही. त्याचा डावा डोळा बारीक झाला.

"त्या दिवशी 'फक्त' म्हणून थांबलात. काय म्हणायचं होतं?"

"फक्त... तोवर शहरात जाऊ नका."

"नाही जात."

वरचा हातोडा थांबला. "अगं, मी रिकामे हात हलवत परत जाऊ का?" दादा ओरडला.

"आत्याला विचार!" मी म्हटलं.

"मी कुठली जाते आता!" आत्या पायरीवरून म्हणाली.

मी कात्री उचलली. त्यानं मान वर केली. "आरसा आणला. आता नंबर?"

"नंबर लांबच्या माणसाला देतात," मी म्हटलं. "मान खाली घाला."

त्यानं निमूटपणे मान खाली घातली.