दुसरी हाक

भुतं रात्रीच निघतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांनी अकोल्यातली मे महिन्याची दुपार पाहिलेली नसणार. इथे रात्री लोक अंगणात बाजा टाकून गप्पा मारत पडतात, पोट्टे उशिरापर्यंत गल्लीत हुंदडतात. रात्रीला कोण भितं? भ्यायचं ते दुपारला. ऊन डोक्यावर आलं की दारं लागतात, खिडक्यांवर ओल्या चादरी चढतात, कुत्री नालीत जाऊन पडतात, आणि रस्ता इतका रिकामा होतो की चालणाऱ्याला आपल्याच चपलेचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो.

अशाच एका दुपारी वच्छलाबाई नळाचं पाणी भरत बसल्या होत्या.

जठारपेठेच्या पलीकडे, नाल्याच्या काठाला टिनाच्या घरांची एक गल्ली आहे, तिथे त्यांचं घर. नळ आज येईल की उद्या याचा काही नेम नसे, आणि आलाच तर भलत्या वेळी येई. त्या दिवशी तो भर उन्हात आला, करंगळीएवढ्या धारेनं. सकाळी बाजारात पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, विकून आलेल्या वच्छलाबाई डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन परसात बादलीपुढे उकिडव्या बसल्या. उठून जावं तर धार कधी बंद पडेल सांगता येत नव्हतं, आणि कूलरला पाणी तर हवंच होतं.

कूलर पुढच्या खोलीत घरघरत होता, आणि त्याच्यासमोर बाजेवर त्यांचे यजमान नत्थुजी पडले होते. नत्थुजींची उमर जिनिंगमध्ये गेली. कापसाचा बारीक तूस वर्षानुवर्षं छातीत गेला आणि तिथेच राहिला. त्यात आता गावाबाहेरचा कचऱ्याचा ढीग उन्हाळाभर धुमसत असे, आणि वारा फिरला की जळक्या प्लास्टिकचा वास गल्लीत उतरून मुक्कामाला राही. नत्थुजींचं एका दमात एकच वाक्य व्हायचं, तेही लहान. डॉक्टर म्हणाले होते, यांना धुरात ठेवू नका, उन्हात ठेवू नका. टिनाखाली राहणाऱ्या माणसाला हे सांगणं म्हणजे माशाला ओलं होऊ नको म्हणण्यातलंच होतं. मुलगा मनोज अमरावतीला, राजापेठेत मोबाईलच्या दुकानात कामाला. त्याचीही एकच खोली, तीही गच्चीवरची. म्हातारा या उन्हाळ्यातून निघावा, मिरगापर्यंत पोचावा, एवढंच वच्छलाबाई देवाजवळ मागत होत्या.

बादली अर्धी भरली तेव्हा त्यांनी सवयीनं भिंतीपलीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

पलीकडचं घर तानुबाईचं. त्याला आता कुलूप होतं.

तानुबाई एकटी राही. आवाज मोठा, आणि भुताखेतांच्या बाबतीत तिचा शब्द गल्लीत शेवटचा. लहान लेकरांपासून नव्या सुनांपर्यंत सगळ्यांना तिनं एक गोष्ट पाठ करून दिली होती. "भर दुपारी कोनी एक हाक मारली त ओ देऊ नोका बाप्पा. थांबा. जित्तं मानूस तीनदा हाक मारते. मेलेलं एकदाच मारते." गल्लीत कुणी ही गोष्ट हसण्यावारी नेत नसे. दुपारी दारावर आलेला माणूससुद्धा न सांगता तीनदा हाक मारी.

मेच्या सुरुवातीला एका दुपारी भिंतीपलीकडून तानुबाईची हाक आली होती. "वच्छले..."

एकदाच.

वच्छलाबाई उठल्या होत्या. दाराच्या कडीवर हात ठेवून त्या दुसऱ्या हाकेची वाट पाहत उभ्या राहिल्या. ती आली नाही, म्हणून त्या परत येऊन बसल्या. ऊन उतरल्यावर शेजारणी गेल्या, तेव्हा तानुबाई जमिनीवर पडलेली होती आणि शेजारी मडकं आडवं झालेलं होतं, आतून कोरडं. गल्लीत औषधं वाटणारी आशाताई रागिणी धावत आली, पण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वच्छलाबाईंनी रडत रडत तिला हाकेचं सांगितलं. रागिणी चिडली नाही. त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, ऊन लागलेल्या मानसाच्या अंगात दुसरी हाक माराचं तरान नसते वं. पहिलीलेच धावाचं असते."

 त्या दिवसापासून, गल्ली चिडीचूप झाली की, कुलूप लावलेल्या त्या घरातून रोज हाक यायची. "वच्छले..." रोज एकच. त्या कानात पदराचा बोळा घालून बसत. आता ओ द्यावी तर कुणाला, आणि न द्यावी तर कोणत्या तोंडानं? नत्थुजींना त्यांनी सांगितलं नाही. त्यांची छाती आधीच काठावर होती.

तर बादली काठोकाठ यायला आली आणि लाईन गेली. कूलरची घरघर खाली खाली येत थांबली. मग असं शांत झालं की टिन तापून तडतडल्याचा आवाज वेगळा ऐकू यायला लागला. वाराही पडला होता, आणि धूर जिथल्या तिथे लोंबत होता. येईल आता लाईन, वच्छलाबाईंनी मनाला सांगितलं. यजमान झोपलेत. तांब्या उशाशी आहेच. एवढी बादली होऊ दे.

"वच्छले..."

त्यांनी डोळे मिटून घेतले. रोजचीच हाक, रोजच्याच आवाजात. ही नत्थुजींची असणं शक्य नव्हतं. नत्थुजींनी लग्नापासून आजवर बायकोला नावानं हाक मारली नव्हती; त्यांचं आपलं 'मनोजची माय', आणि वच्छलाबाईंचं त्यांना 'आयकलं का'. वच्छलाबाईंनी पदराचं टोक कानाकडे नेलं. एक झाली. आता उद्यापर्यंत सुटका.

"वच्छले..."

हात वाटेतच थांबला. तानुबाईनं मेल्यापासून दुसरी हाक कधी मारली नव्हती. आणि हा आवाज भिंतीपलीकडून आला नव्हता... तो अलीकडून आला होता. त्यांच्याच घरातून.   बादली भरून वाहायला लागली, पाणी पायाखाली गेलं, तरी त्यांचा हात नळाकडे जाईना.

तिसरी हाक यायला वेळ लागला. आली ती घासत, ओढत, कुणी विहिरीतून जड घागर वर काढावी तशी. शेवटचं अक्षर अर्ध्यावर फाटलं.

"वच्छ..."

मेलेलं माणूस तीनदा हाक मारत नाही. तानुबाईनंच सांगितलं होतं.

"ओ!" वच्छलाबाई ओरडल्या. "आली वं बाई, आली!"

खोलीत फक्त नत्थुजी होते. डोळे अर्धवट उघडे, तोंड उघडं, ओठ पांढरे पडलेले. अंगाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा थेंब नाही. छाती हलते आहे की नाही तेही कळेना. वच्छलाबाईंनी भरलेली बादली ओढत आणली आणि निम्मी त्यांच्या अंगावर ओतली, चादर भिजवून छातीवर टाकली, आणि दारात जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोंब ठोकली. रागिणी धावत आली, ऑटो आला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की अजून थोडा उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

नत्थुजी बोलायला लागले ते दुसऱ्या दिवशी, सलाईन चालू असताना. वच्छलाबाई त्यांच्या पायाशी बसल्या होत्या.

"इतका वेळ... काहून लावला?" त्यांनी विचारलं.

"तुमी हाक मारली का मले?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग थांबून, दम जमवून म्हणाले, "जीभच उचले ना... तानुबाई आली होती."

 तानुबाई गेल्याचं नत्थुजींना पक्कं माहीत होतं. तिची तिरडी दारावरून गेली तेव्हा त्यांनी बाजेवरूनच हात जोडले होते.

"बाजेपाशी बसली," नत्थुजी सांगत राहिले. "म्या डोळ्यानंच म्हनलं... तिले बोलाव. त म्हने... तुयी बायको एका हाकेले येत नाही. मले माहीत हाय..." त्यांनी डोळे मिटले. "म्हनून तीनदा मारली तिनं. तिसरीले... तिचा दम पुरत नव्हता वं. मेल्यावरही नाही पुरत."

वच्छलाबाईंनी दवाखान्यात सगळ्यांसमोर हंबरडा फोडला. तोंडात पदर कोंबायचंही त्यांना भान राहिलं नाही.

नत्थुजी घरी आले त्या दिवशी त्या गल्लीतल्या दारोदार गेल्या. तीन हाकांचा नेम आजपासून मोडला, पहिल्या हाकेला ओ द्यायची आणि धावायचं. तानुबाईनंच तसं सांगितलंय, म्हणाल्या. आणि त्या खोटंही बोलत नव्हत्या. बायकांनी ऐकलं. त्या आठवड्यात दुपारच्या वेळी बंद दारांमागून 'ओ', 'ओ' असे आवाज येत राहिले. कुणाचं लेकरू पाणी मागे, कुणाची सासू उठवायला सांगे, आणि चार घरांतून चौघी ओ देत. वच्छलाबाई रोज पाण्यानं भरलेला तांब्या तानुबाईच्या उंबऱ्यावर ठेवून येत. त्या घरातून हाक यायची थांबली. भागली असेल तहान, असं त्यांना वाटलं.

मिरग जवळ आला होता, तरी आकाशात ढग नव्हता. पंखा लावला तर तोही गरम वाफ फेकायचा. कचऱ्याच्या ढिगाला पुन्हा आग लागली होती आणि ऊन धुरातून गाळून आल्यासारखं पिवळं दिसत होतं. त्या दुपारी नत्थुजी बाजेवर टेकून बसले होते. वच्छलाबाई त्यांच्या पायाशीच खाली बसल्या होत्या. वच्छलाबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि मोठा घोट घेतला.

"आयकलं का..."

हाक भिंतीपलीकडून आली, कुलूप लावलेल्या घरातून.

"ओ," नत्थुजी म्हणाले. आता गल्लीत सगळेच पहिल्या हाकेला ओ देत होते. ओ देऊन झाल्यावर त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आणि मग हळूहळू मान वळवून बायकोकडे.

त्यांना 'आयकलं का' म्हणणारं माणूस जगात एकच होतं. आवाजही तिचाच होता. फक्त कोरडा, आणि थोडा म्हातारा. आणि ते माणूस त्यांच्या पायाशी बसलं होतं, तोंडात पाण्याचा घोट धरून. तो घोट वच्छलाबाईंना गिळवेना आणि थुंकवेना.

"तू... इथंच हायेस?"

त्यांनी मान हलवली. होय. पाणी त्यांच्या हनुवटीवरून खाली आलं.

"मंग तिथं... कोन हाय?"

दोघं भिंतीकडे पाहत बसून राहिले. कूलर घरघरत होता, तरी दोघांचे कान पलीकडे लागले होते. दुसरी हाक आली असती तर बरं वाटलं असतं. काहीतरी ठरवता आलं असतं. ती आली नाही.

मग नत्थुजींनी बाजेवरून पाय खाली सोडले. भिंतीला हात लावून उभे राहिले. त्यांची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती.

"वाट नोको पाहू वं," ते म्हणाले. "पानी घे... तिथंही तूच हायेस, पुढं कवातरी पडलेली... तुयात दुसरीचं तरान राह्यलं नसन."

वच्छलाबाईंनी तांब्या उचलला.