साहेबाचा खांब

माझा क्रेन बसवलेला ट्रक आहे. ओझरला राहतो. पाण्याची टाकी असो, कारखान्यातलं यंत्र असो, जे उचलायचं असेल ते उचलून देतो. गेल्या वर्षी भाद्रपदात फकिरा नावाच्या माणसाचा फोन आला. हरसूलच्या पुढे त्यांच्या पाड्यावर एक दगडी खांब होता, तो काढून नाशिकला सरकारी आवारात पोचवायचा होता. त्यात अवघड असं काही नव्हतं. मी सकाळी एकटाच निघालो.

घाट चढलो तसं धुकं लागलं. दुपार झाली तरी उजेड पातळच होता, धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारखा. भातखाचरांच्या कडेला फकिरा उभा होता. भाताच्या हंगामात घरी आणि एरवी द्राक्षबागांच्या कामाला, असं त्याचं आयुष्य. तो केबिनमध्ये चढला आणि जाता जाता त्यानं खांबाची हकिकत सांगितली.

इंग्रजांच्या काळात जंगलाच्या हक्कावरून इथली माणसं उठली होती. बंदोबस्ताला पलटण आली, ओहोळात लढाई झाली. पलटणीचा गोरा साहेब पडला आणि पाड्यावरची बरीच माणसं पडली. पाड्यावरच्यांना एकाच खड्ड्यात लोटलं आणि त्याच खड्ड्यावर साहेबाच्या नावाचा खांब उभा केला. दगड नदीवरून वर ओढून आणायला लावला तोही मेलेल्यांच्या बायकांना. खांबावर साहेबाच्या शौर्याचं वर्णन होतं. खाली कोण होतं, त्याबद्दल अक्षर नव्हतं.

खांबावरून पाड्यात वर्षानुवर्षं भांडण होतं. कुणी डांबर फासलं होतं, कुणी फोडायला निघालं होतं, कुणी म्हणायचं, इतिहास आहे, राहू द्या. शेवटी ग्रामसभेत ठरलं की खांब नाशिकला द्यायचा आणि जागेवर आपल्या माणसांच्या नावाचा दगड बसवायचा. त्यासाठी सगळ्यात जास्त फिरला होता तो फकिरा. त्याचा खापरपणजोबा त्या खड्ड्यात होता.

विरोध करणारं एकच माणूस उरलं होतं, त्याची आत्या भागुबाई. ती घोंगडी पांघरून खांबापाशी बसली होती. मी पट्टे बांधायला लागलो तेव्हा ती उठून बाजूला झाली. चिडलेली वाटली नाही.

"फकिरा," ती म्हणाली, "एवढी वर्सं हे ओझं खालच्या माणसांनी डोक्यावर धरलंय. तू काढशील, बरं करशील. पर मोकळी झाल्यावर जातील कुठं ती? त्यांची घरं तवाच जाळली ना..."

फकिरा म्हणाला, "माझं घर हाय की, आत्या."

"मग तसं बोलवून सांग. नीट सांग."

मी क्रेन चालू केली. एवढा खांब, पण तो जागेवरून अलगद सुटला, जणू खालून कुणी हात लावला होता. बुंधा वर आला आणि खड्ड्यातून एक लांब उसासा ऐकू आला. डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर माणूस सोडतो तसा. एकाचा नव्हे, पुष्कळांचा. मग वास आला. ओल्या घोंगड्यांचा, लाकडाच्या धुराचा.

माझे हात दांड्यावरच राहिले. भीती वाटली का, तर नाही. झोपेत आईचा आवाज यावा तसं काहीतरी वाटत होतं.

फकिरानं हात जोडले होते. "या," तो हळूच म्हणत होता. "घरी चला... या."

तो वळला आणि पाड्याकडे चालायला लागला. त्यानं मागे पाहिलं नाही. त्याच्या मागं बांधावरचं गवत दबत गेलं, कितीतरी वेळ दबत राहिलं. चिखलात अनवाणी पावलांचा आवाज होत होता. ट्रकच्या दोन्ही बाजूंनी ती चाल गेली, आणि मग धुक्यात विरली.

भागुबाई डोळे पुसत होती. मी खांब ट्रकवर आडवा ठेवला, साखळ्या आवळल्या. निघताना तिनं मला थांबवलं. खांबावरच्या साहेबाच्या नावावर हात ठेवून म्हणाली, "आमची गेली. पर ह्याला कुणीच बोलावलं नाय."

चहाला म्हणून फकिराच्या घरी गेलो. सारवलेल्या जमिनीवर चिखलाची पावलं उमटली होती. सगळी आत जाणारी. त्याची बायको मालनबाई चुलीपुढं बसून नागलीच्या भाकरी थापत होती. एकीमागून एक. टोपली मात्र भरत नव्हती. ती हसून म्हणाली, "बसा भाऊ, जागा व्हईल." फकिरा भिंतीला अंग चोरून बसला होता, दाटीत बसतात तसा. इतका सुखी माणूस मी क्वचितच पाहिला असेल. त्या दोघांखेरीज घर रिकामं होतं. मी दारातूनच निरोप घेतला.

परतीच्या वाटेवर ट्रक नीट चालला. फक्त केबिनमध्ये गारवा होता, काचा वर करूनही जाईना. चामड्याचा आणि जुन्या दारूगोळ्याचा वास येत होता. मी गाणी लावली, थोड्या वेळानं बंद केली. मला वाटलं, मोठ्यानं लावणं बरं नाही.

दिवेलागणीला नाशिकला सरकारी आवारात पोचलो. पहारेकरी यादव फाटक उघडून पुढं आला. मी खांब उतरवला, गवतात नीट ठेवला. मनावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं. केबिनमध्ये चढून बसलो तर यादव दुसऱ्या बाजूच्या दाराशी अदबीनं उभा.

"साहेबांना उतरायला स्टूल आणू का?" त्यानं विचारलं. "पायरी उंच आहे."

तो माझ्या शेजारच्या सीटकडे बघत होता. मी मान वळवली नाही. मी म्हणालो, "आण."

त्यानं स्टूल आणून दाराखाली ठेवलं, दार उघडून धरलं आणि वाट पाहिली. मी समोर काचेकडे बघत होतो. मग त्यानं मान थोडी पुढं केली, जसं कुणी अगदी हळू बोलत असावं.

"बरं," असं म्हणून त्यानं दार लावून घेतलं. मग माझ्या बाजूला येऊन म्हणाला, "नाही उतरत म्हणतात. तुमच्याच घरी यायचंय त्यांना."