घंटीकिड्यासाठी अँप्लिफायर

"मेलंय हे. पोटात आवाजच उरला नाही याच्या. नुसतं धापा टाकतंय."

आबा हे कुणाला उद्देशून म्हणत नव्हते. चालक नसलेल्या रिक्षात त्यांची नात कृत्तिका त्यांना खेटून बसली होती म्हणून तिला ऐकू आलं, एवढंच. ज्याच्या नावानं खडे फोडणं चाललं होतं तो त्यांच्या मांडीवर होता : काडेपेटीएवढा, कोपरे झिजलेला डिजिटल म्युझिक प्लेअर. अशी वस्तू आता एक तर संग्रहालयात सापडायची, नाहीतर आबांच्या खिशात. बाकी साऱ्या साताऱ्याची गाणी भिंतींत, चष्म्यांत आणि काही हौशी लोकांच्या दातांत जाऊन बसली होती.

आबा म्हणजे डॉ. जयसिंग घोरपडे, कीटकशास्त्रज्ञ. कासच्या सड्यावर, म्हणजे त्या फुलांच्या खडकाळ पठारावर, त्यांनी उभी हयात रातकिड्यांचे आवाज टिपण्यात घालवली होती. त्यातला एक तर त्यांनीच शोधलेला. तांदळाच्या दाण्याएवढा घंटीकिडा. त्याचा आवाज कसा, तर कुणीतरी पैंजण काढून शेजारच्या खोलीत हळूच खाली ठेवावं, तसा.

"कृतू, रेकॉर्डिंगमधून किडा पळून जातो का गं?" आबांनी विचारलं.

"असा कसा जाईल?"

"तेच म्हणतो मी. पाऊस आहे. बेडूक आहे. मध्येच मी खोकलोय, तेही आहे. घंटीकिडा तेवढा नाही. वर्षभर नाही."

कृत्तिकानं बाहेर पाहिलं. घंटीकिडा कुठेही पळालेला नव्हता. गेल्याच आठवड्यात तिनं आबांचे हेडफोन डोक्यावर चढवले होते, तेव्हा तो होता तिथंच होता. बारीक, पण अगदी स्पष्ट. ती बोलणार तोच स्वयंपाकघराच्या दारातून आईनं डोळे मोठे केले. मग कृत्तिका म्हणाली, "हो आबा, फारच बारीक येतंय." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं, इतकंच. त्या अर्ध्यावर आबांनी निष्कर्ष काढला की प्लेअर अशक्त झालाय, त्याला जोडायला खिशात मावेल असा अँप्लिफायर हवा. म्हणून ही स्वारी.

पोवई नाक्याजवळच्या त्या दुकानात गल्ल्यावर माणूस नव्हता. यंत्रमानव होता. धान्यबाजारात माप घालणाऱ्याला मापाडी म्हणतात, तेच नाव गिऱ्हाइकांनी त्याला दिलेलं, कारण तो मोजल्याशिवाय एक शब्द बोलत नसे.

"या आबा. या ताई. हेडफोन द्या आधी." मापाडीनं ते उलटेपालटे केले, एक तार लावली आणि मान डोलवली. "तीनशे ओहम. स्टुडिओतला माल. आता असा बनत नाही."

"ऐकलंस?" आबा कृत्तिकाकडे वळून म्हणाले. "माल आहे माल."

"पण तीनशे ओहम म्हणजे काय?"

"हेडफोनचा संरोध (विजेच्या पुढंमागं होणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा)," मापाडी म्हणाला. "ताई, या हेडफोनच्या आत तारेचं वेटोळं आहे आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा. प्लेअर वीज पुढंमागं ढकलतो, वेटोळं थरथरतं, पडदा थरथरतो, हवा थरथरते. त्यालाच आपण आवाज म्हणतो. आता तुमच्या कुंड्यांना पाणी कसं जातं?"

"नळीनं. गच्चीवरच्या टाकीतून."

"नळी बारीक असली तर?"

"टाकी उंच लागते. नाहीतर नुसतं ठिबकतं."

"तीनशे ओहम म्हणजे बारीक नळी. पाण्याला जसा दाब, तसा विजेला व्होल्टेज. आणि या बिचाऱ्या प्लेअरची टाकी स्टुलावर ठेवलेली. त्यामुळे ठिबकतंय."

आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मी बरोबर होतो!"

"अर्धे बरोबर होतात," मापाडी म्हणाला. कृत्तिकानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. अर्ध्याचा हिशेब हा पठ्ठ्या कसा काय करतोय?

"अँप्लिफायर आवाज नवा बनवतो का?" तिनं घाईनं विचारलं.

"नाही. पुस्तकात त्याला विवर्धक (विजेचा लहान संदेश मोठा करणारं यंत्र) म्हणतात. प्लेअरचा संदेश म्हणजे नळाच्या चावीवरचं बोट समजा. इवलंसं. आणि अँप्लिफायरची बॅटरी म्हणजे उंच टाकी. बोट जसं थरथरेल तशीच धार थरथरणार. ताकद टाकीची, थरथर मात्र बोटाची."

आबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. निदान मापाडीच्या काचेच्या तोंडाकडे लक्ष देऊन पाहिलं तरी.

मग निवड सुरू झाली. पहिला अँप्लिफायर दिसायला देखणा होता, गुलाबी. मापाडीनं तो जोडला आणि काहीच वाजवलं नाही. "आधी गप्प असताना कसा वागतो ते बघायचं." कृत्तिकानं कानाला लावला तर आत भजी तळल्यासारखी खरखर.

"भजी तळतोय हा."

"मग नको. असल्या खरखरीत बारीक आवाज बुडतात."

दुसरा गप्प बसला, पण आवाज चढवताच बेडूक पत्र्याच्या डब्यातून ओरडू लागला. मापाडीनं भिंतीवर त्याच्या लाटा काढून दाखवल्या. लाटांची डोकी सपाट कापली गेली होती. "याची टाकीच बुटकी. लाट हिच्याहून उंच जाऊ बघते, मग डोकं छाटलं जातं. ही विकृती (आवाजाचा मूळ आकार बिघडणं)."

तिसरा होता चपट्या डबीएवढा, काळा, अजिबात मिरवणारा नव्हता. गप्प असताना खरंच गप्प. लाटांची डोकी शाबूत. आबांनी हेडफोन आधी नातीच्या डोक्यावर ठेवले. त्यांची ती पद्धतच होती, घरातली कुठलीही नवी गोष्ट आधी कृतूला.

पाऊस सुरू झाला. बेडूक. आबांचं ते जुनं खोकणं. आणि मग तो घंटीकिडा, जणू तिच्या कानाच्या पाळीवर येऊन बसलेला! कृत्तिकाचं तोंड आपोआप हसरं झालं. मग आबांकडे लक्ष गेलं आणि तिनं ते आवरलं.

आबांनी हेडफोन घातले. डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"बेडूक छान आलाय," ते म्हणाले.

कृत्तिकानं मापाडीकडे पाहिलं.

मापाडीनं हेडफोन उतरवून घेतले आणि टेबलावरच्या रबरी कानाला चढवले. हा कृत्रिम कान. माणसाच्या कानासारखा, फक्त समोर आलेलं सगळं तो इमानदारीनं भिंतीवर काढून दाखवायचा. भिंतीवर उजेडाच्या रांगा उभ्या राहिल्या. "डावीकडे जाडे आवाज. पाऊस, बेडूक. उजवीकडे बारीक. ही जी उंच रांग आहे ना, तिची वारंवारता (एका सेकंदात होणारी कंपनं) दहा हजारांच्या आसपास. तो तुमचा घंटीकिडा."

"दिसतोय मला. मग ऐकू का येत नाही?" आबांचा आवाज चढला. "याची ताकदच कमी पडतेय. तो मोठा दे. ती वीट."

फळीवर खरोखरच विटेएवढा अँप्लिफायर होता. मापाडीनं तो काढला नाही.

"आबा, वीट सगळ्यांनाच सारखं ढकलणार. किडा वाढेल तसा बेडूकही वाढेल, पाऊसही वाढेल. आणि एवढ्या जोराचा आवाज कानाला सोसत नाही. कानाच्या आत कर्णावर्त (गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी) असतं. त्यात केसांसारखे शेंडे असलेल्या पेशी असतात, हवेतली थरथर मेंदूला कळवणाऱ्या. नळीच्या दारापाशी बारीक आवाजांच्या, आत खोलवर जाड्या आवाजांच्या. दारातल्या आधी झिजतात. मोठ्या आवाजानं लवकर झिजतात. नव्या उगवत नाहीत. उगवाव्यात म्हणून प्रयोगशाळांतून धडपड चाललीय, पण तोवर उरलेल्या जपायच्या."

"माझ्या कानांचं तू मला सांगू नकोस. काढ ती वीट."

कृत्तिकाला कळलं. ती वीट आज घरी आली तर आबा रोज तिची चावी थोडी थोडी पुढं फिरवणार. घंटीकिडा येणार नाहीच. आणि बेडूकही जाईल. मग तिचं बोलणंही.

"मापाडी," ती म्हणाली, "असा अँप्लिफायर नसतो का, जो सगळ्यांना नाही, फक्त बारीक आवाजांनाच मोठं करेल?"

"असतो की. प्रत्येक पट्टीला वेगळी चावी. जिथं कमी तिथं जास्त, जिथं पुरेसं तिथं शून्य. शेंगदाण्याएवढा असतो, कानातच बसतो. श्रवणयंत्र म्हणतात त्याला."

"ते म्हाताऱ्यांचं," आबा म्हणाले. ते शहात्तर वर्षांचे होते.

"पण तो निवडायचा तर हेडफोन मोजून भागत नाही. ऐकणारा मोजावा लागतो. आणि ते माप मी आपणहून घेत नाही. गिऱ्हाइकाच्या शरीराबद्दल त्यानं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा मला नियम आहे." मापाडीनं रबरी कान पुसायला घेतला. तोही तर घरच्यांसारखाच गप्प राहणारा निघाला.

आबा हसले. "अरे, माझ्या कानांचं माप रोज होतं! विचार हिला. आमच्या घरी रिवाज आहे. दिवेलागणीला सगळे गॅलरीत गप्प बसतात. पहिला रातकिडा ज्याला ऐकू येईल त्यानं बोट वर करायचं. तव्यावरची पहिली भाकरी त्याची. गेलं वर्षभर पहिली भाकरी कोण खातंय? सांग गं कृतू."

"तुम्ही," कृत्तिका म्हणाली.

"मग?"

मग काय? किडा ओरडायचा. आईला ऐकू यायचा, बाबांना यायचा, कृत्तिकाला तर सगळ्यात आधी. आणि तिघंही हात मांडीवर दाबून बसायचे. कुणी ठरवलं नव्हतं. एकदा आबांचं तोंड उतरलेलं पाहिलं, तेव्हापासून आपोआप सुरू झालेलं. त्या भाकरीवर आबा तूप जरा जास्तच घ्यायचे, आणि सगळ्यांना बरं वाटायचं. त्या बरं वाटण्यानंच आज त्यांना विटेपर्यंत आणून सोडलं होतं.

कृत्तिकानं आबांचा हात धरला आणि त्यांच्या समोर, त्यांना तिचे ओठ दिसतील अशी उभी राहिली.

"आबा, आम्ही थांबायचो. मी, आई, बाबा. तुम्ही बोट वर करेपर्यंत."

आबांनी ऐकलं. पुरतं ऐकलं. चेहऱ्यावर आधी राग आला, तो ओठांपर्यंत पोचला आणि तिथंच विरघळला. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला.

"आणि मी तुझ्या आईच्या भुवईकडे बघत बसायचो," ते म्हणाले. "किडा ओरडला की तिची डावी भुवई उडते. ती उडाली की मी बोट वर करायचो."

"म्हणजे तुम्हीही!"

"मग! शास्त्रज्ञ आहे मी. निरीक्षण करायला शिकलोय."

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. कृत्तिकाला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला जमेना. आबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. मग ते मापाडीकडे वळले, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि दुकानाबाहेरही जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. आता मोज, आणि सांग मला कुठला अँप्लिफायर लागेल."