उसनी चाल

डोक्यावरची पट्टी सुटली त्या सकाळी डॉक्टर रेमंड घोन्साल्विसांनी ऋजुता माईणकरला तिच्या कानामागचा खटका दाखवला. कातडीखाली मुगाच्या दाण्याएवढा उंचवटा होता.

"तो दाबायच्या आधी तुमचं एखादं गाणं म्हणून बघा," ते म्हणाले.

संगीत नाटकांना चाली देण्यात ऋजुताची उभी हयात गेली होती. तिनं सुरुवात केली. शब्द ओळीनं आले, पण बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसे. उशाशी बसलेली तिची थोरली बहीण शर्वरी चपापली. रंगमंचावर तेच गाणं कित्येक वर्षं ती गात आली होती.

"आता दाबा."

खटका दबला आणि पुढच्याच ओळीला सूर लागला. शर्वरीनं पदरानं डोळे टिपले. ऋजुता मात्र घाबरली.

"डॉक्टर, हे मी म्हणतेय की तुमचं यंत्र?"

त्या काळात हा प्रश्न रुग्ण नेहमीच विचारत. मेंदूतली गाठ काढायची तर आजूबाजूचा थोडा भागही जायचा, आणि ऋजुताचा गेलेला भाग नेमका सूर जुळवणारा होता. म्हणून शस्त्रक्रियेच्या काही महिने आधी त्या भागावर केसाहून पातळ असा एक पापुद्रा बसवत. आत कोणता संदेश गेला आणि बाहेर कोणता आला, हे तो शिकत राही. ऋजुताला तेवढ्या दिवसांत तिच्या जुन्या सगळ्या चाली ऐकवल्या होत्या, नव्या बांधायला लावल्या होत्या. तो भाग काढल्यावर पापुद्रा त्या जागेच्या दोन्ही काठांना जोडला. आता संदेश आला, की कापून टाकलेल्या भागानं जे उत्तर दिलं असतं तेच तो देई. पलीकडच्या मेंदूला फरक कळत नसे. या पापुद्र्याला सेतू म्हणत, आणि कानामागचा खटका तो चालू-बंद करी.

"तुम्हीच म्हणताय," घोन्साल्विस म्हणाले. "फक्त मधला तुकडा उसना आहे. पण बाई, नीट ऐका. त्या खड्ड्यात आम्ही तुमच्याच मूलपेशी पेरल्या आहेत. त्यांना काम मिळालं तर त्या रुजतील. सेतू चालू असला की काम त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. घरात एक राबणारा असला की बाकीचे बसून खातात ना, तसं. इथं बसून खाणारा मरतो, एवढाच फरक."

"म्हणजे वापरायचाच नाही?"

"थोडा वेळ, मन रमवायला. चाली बांधायच्या नाहीत. वर्ष, दीड वर्ष."

"आणि मग?"

"मग बहुधा तुमचं तुम्हाला सुचायला लागेल. पूर्वीसारखं सुचेल असं नाही. खात्री मी देत नाही."

दोघी बहिणी कोल्हापूरच्या घरी परतल्या. ऋजुताच्या डोक्यात नव्या नाटकाचंच चाललं होतं. दिवाळीनंतर ते रंगमंचावर यायचं होतं, त्यातली राणी शर्वरी करणार होती, आणि अजून एकाही पदाला चाल नव्हती.

"वर्षभर थांबू," शर्वरी म्हणाली. "नाटक कुठं पळून जातंय?"

"नाटक नाही पळत, ताई. तुझा आवाज पळतोय."

ते खोटं नव्हतं. वरच्या पट्टीत शर्वरीचा आवाज आता फाटत होता, आणि ही भूमिका शेवटची हे दोघींनाही ठाऊक होतं. ती उठून स्वयंपाकघरात गेली. येताना तिनं भाताची पेज आणली.

"आधी हे पी. तुझं डोकं बरं झालं की माझी राणी म्हातारी करू. म्हाताऱ्या राण्या नसतात का?"

काही आठवडे ऋजुतानं खरंच पथ्य पाळलं. सेतू बंद ठेवून ती पेटीपुढं बसायची. पेटीच्या पट्ट्या नुसत्या लाकडाच्या वाटायच्या. एका दुपारी मात्र तीन-चार सूर आपोआप जुळले. ओबडधोबड, तिच्या कुठल्याच चालीशी नातं न सांगणारे. ते तिला मुळीच आवडले नाहीत. तेवढ्यात आतल्या खोलीतून शर्वरीचा रियाज ऐकू आला. ताई एकाच जागी अडखळत होती, पुन्हा पुन्हा चढू पाहत होती.

ऋजुतानं खटका दाबला. मग नाटक पुरं होईपर्यंत तो बंद केला नाही.

चाली झऱ्यासारख्या आल्या. वरची पट्टी चुकवून तिनं ताईच्या उरलेल्या आवाजाला शोभेल असं सगळं बांधलं. नाटक गाजलं. पडद्यामागं शर्वरीनं तिला घट्ट मिठी मारली, आणि त्या रात्रीपुरतं तरी ऋजुताला आपण केलं ते योग्यच वाटलं.

पुढच्या तपासणीत घोन्साल्विसांनी तिच्या मेंदूचं चित्र समोर घेतलं.

"पेशी रुजायला लागल्या होत्या," ते म्हणाले. "वाळल्या."

"पुन्हा पेराल?"

"त्या जागी आता व्रण झालाय. पुन्हा नाही धरायच्या."

"माझं काम तर चाललंय ना?"

"चालेल की. सेतू तुमच्यापेक्षा जास्त टिकेल."

हिवाळा संपता संपता शर्वरी गेली. सकाळी चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच कोसळली. हृदय बंद पडलं होतं. नाटकमंडळींनी शोकसभा ठरवली. शर्वरीच्या आवडत्या कवितेला ऋजुतानं चाल लावावी असं सर्वांना वाटत होतं. तिलाही तेच हवं होतं. दुसरं काही करायचं बळच नव्हतं.

ती पेटीपुढं बसली. डोळ्यांपुढं ओट्यापाशी पडलेली ताई होती, आणि चाल आली ती खेळकर, लाडिक, ताईच्या आवाजाला अगदी साजेशी. वरची पट्टी चुकवणारी. ऋजुतानं ती मोडली. दुसरी बांधली, तिसरी बांधली. करुण रागही धरून पाहिले. त्यांत बसवलेली चालसुद्धा नाटकातली निघाली. राणीनं लटकं रुसावं तशी.

ती तडक इस्पितळात गेली.

"डॉक्टर, ताई गेली हे मला कळलंय. चालीला कळत नाही."

घोन्साल्विसांनी तिला खुर्चीवर बसवलं. "बाई, सेतू शिकला तो शस्त्रक्रियेच्या आधी. त्यानंतरचं तुमचं सुखदुःख त्याच्या काठापर्यंत येतं. आत त्याला द्यायला उत्तर आहे ते तेव्हाचं. आयुष्यात काहीही घडो, तो हीच उत्तरं देणार."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

"इतकं स्पष्ट मलाही आज कळलं. इतर लोक चाली बांधत नव्हते."

"काढून टाका तो."

"काढतो. मग हीही चाल नाही. कुठलीच नाही. सांगा, काढू?"

तिच्या तोंडून हो निघेना. ती तशीच उठून घरी आली.

शोकसभेत एका तरुण गायिकेनं ती पहिलीच चाल गायली. लोकांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माना डोलत होत्या. दुःखातही ऋजुताबाईंनी बहिणीला हसतमुख निरोप दिला, असं वक्ते म्हणाले. सभा उठल्यावर मंडळातल्या एक वृद्ध बाई जवळ आल्या आणि त्यांनी ऋजुताचा हात हातात घेतला.

"आज ताई असत्या तर किती खूश झाल्या असत्या हो!"

"ज्यानं ही चाल बांधली," ऋजुता म्हणाली, "त्याच्या लेखी ताई अजून आहेच."

बाईंना अर्थ लागला नाही. शोकात माणूस बोलतो काहीतरी, असं समजून त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.