शंभरांतले दहा

२०४३ च्या मार्चमध्ये मिरजेच्या एका श्वसनरोग संशोधन केंद्रात, भिंतीवरच्या श्वासपटावर बावीस रुग्णांची फुप्फुसं एकाच वेळी हलताना दिसत होती. निरोगी भाग निळा, सुजलेला तांबडा. अकरा नंबरच्या खाटेवरच्या दिलावर शिकलगारांचं उजवं फुप्फुस जवळजवळ सगळं तांबडं झालं होतं. दिलावर सतारी बनवायचे. वय एकसष्ट.

त्यांची मुलगी नसीम संमतिपत्र हातात घेऊन डॉ. शाल्मली खानोलकरांसमोर बसली होती.

"नवा करोना विषाणू अंगातून कमी झालाय म्हणता. मग अब्बांना श्वास का पुरत नाही?"

"कारण आता त्यांचीच फौज थांबत नाहीये," शाल्मली म्हणाली. "शत्रू हटला तरी पेशी एकमेकींना निरोप धाडत राहतात. त्या निरोपांना आम्ही दाहदूत म्हणतो. त्यांच्यामुळे फुप्फुस सुजत जातं. स्टिरॉइडला ही सूज जुमानत नाही. शमनिका हे औषध दाहदूतांना वाटेतच पकडतं. एक इंजेक्शन, आणि साऱ्या शरीरात तीन महिने शांतता."

"मग द्या ना!"

"निम्म्यांना शमनिका मिळते, निम्म्यांना मिठाचं पाणी. बाकी उपचार सगळ्यांना सारखेच. कोणाला काय, ते यंत्र ठरवतं. मलाही कळत नाही. दाहदूतांची रक्ततपासणीसुद्धा यंत्राने आमच्यापासून झाकून ठेवलीय."

"माझ्या बापावर चिठ्ठी टाकणार तुम्ही?"

"फौज गप्प केली तर दुसरा एखादा जंतू डोकं वर काढू शकतो. या आजारात हे औषध तारतं की मारतं, हे आज कोणालाच ठाऊक नाही. ठाऊक असतं तर चिठ्ठी टाकलीच नसती."

नसीमने वडिलांना विचारलं. मास्कच्या आतून त्यांनी मान हलवली. तिने त्यांच्या वतीने सही केली.

इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी तांबडा रंग मागे सरकू लागला. बाराव्या दिवशी दिलावर स्वतःच्या पायांनी घरी गेले. शाल्मलीची मनोमन खात्री पटली होती. ही शमनिकाच.

पाच आठवड्यांनी ते तपासणीला आले ते पेढे घेऊन. "गल्लीत सगळ्यांना सांगितलंय मॅडम. तुमच्या औषधानं वाचलो."

फुप्फुसं निळीशार होती. शाल्मलीने आनंदाने सहीसाठी कागद पुढे केला. दिलावरांनी पेन मुठीत धरलं, लहान मूल धरतं तसं. बोटांचे सांधे लालबुंद सुजले होते.

"हे कधीपासून?"

दिलावर ओशाळले. "चार वर्षं झाली. संधिवात. अभ्यासात घेणार नाही म्हणून बोललो नाही. नसीमलाही बोलू दिलं नाही."

"इंजेक्शननंतर सूज उतरली? थोडीफार?"

"छे! जशीच्या तशी."

शाल्मलीने त्यांना सांध्यांच्या गोळ्या लिहून दिल्या आणि तडक संख्याशास्त्रज्ञ यशोधन बिदरकरांची खोली गाठली.

"शमनिका मुळात संधिवातासाठी बनली," ती म्हणाली. "फुप्फुसापुरती थांबणारं औषधच नाही ते. त्यांना ती मिळाली असती तर बोटं उघडली असती. यशोधन, त्यांना मिठाचं पाणी मिळालंय. आणि मी पाच आठवडे मनातल्या मनात औषधाचा जयजयकार करतेय!"

"म्हणून तर यंत्र लागतं," यशोधन म्हणाला. "आता त्यांचा निकाल तू ठरवायचा नाहीस. दुसऱ्या डॉक्टरकडे दे. आणि अभ्यास संपेपर्यंत कोणाला बोलू नकोस. त्यांनाही नाही."

ऑगस्टमध्ये अभ्यास संपला आणि कोणाला काय मिळालं होतं ते यंत्राने उघड केलं. मिठाच्या पाण्यावर शंभरांतले तीस दगावले होते, शमनिकेवर वीस. औषध खरोखर उपयोगी होतं. शाल्मलीने दिलावरांना बोलावून सगळं सांगितलं.

त्यांनी हातांकडे बघितलं. "म्हणजे मी औषधाविनाच वाचलो?"

"हो. शंभरांतले सत्तर औषधाविनाही वाचतात. वीस औषध देऊनही जातात. मधल्या दहांना ते वाचवतं."

"ती दहा माणसं कोण?"

"ते कधीच कळणार नाही. खुद्द त्यांनाही नाही. शमनिका घेऊन बरा झालेला प्रत्येक जण म्हणणार, मी त्या दहांतला."

दिलावर खळखळून हसले. "आणि मी न घेताच म्हणत फिरलो!"

"गोळ्यांचा गुण येत नाहीये ना? मग सांध्यांसाठी शमनिका देता येईल आता."

"यातही चिठ्ठी?"

"नाही. यात ठाऊक आहे."

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. बोटं उघडली होती.

"पण मॅडम, गल्लीत पंचाईत झालीय. खरं काय ते मी सगळ्यांना सांगून आलो, की न्यूमोनियातून वाचलो ते साध्या पाण्यावर. कोणी ऐकेल तर शपथ! माझे हात बघतात आणि म्हणतात, एवढा गुण आलेला दिसतोय, म्हणजे तेव्हाही औषधानंच वाचलास."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही. एका माणसावरून काही कळत नसतं, एवढं मला पटलंय, पुरे झालं. ठेवतो आता. सतारीला पडदे बांधायचेत."