चेंडू कुठे आहे?

माझी सर्व्हिस चांगली आहे. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. पण त्या दिवशी चेंडू रॅकेटच्या कडेला लागला, नेटवरून गेला, कुंपणावरूनही गेला आणि पलीकडे शाळेच्या वार्षिक अंकासाठी फोटो काढत असलेल्या एका मुलाच्या खांद्यावर जाऊन आदळला. तो कळवळला, अर्धा वाकला... पण हातातला कॅमेरा काही त्याने सोडला नाही.

मी धावत गेले. त्याने चेंडू उचलून माझ्या हातात दिला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "हा आत धरतात की बाहेर?"

"दुखलं असेल तर बाहेर."

"मग आत," तो म्हणाला आणि खांदा चोळत निघून गेला.

तो माझ्याच इयत्तेतला, शेजारच्या तुकडीतला. इतका उंच की सगळी शाळा त्याला खांब म्हणायची. वर्षानुवर्षं मी त्याला पाहत आले होते, पण त्याच्याकडे बघितलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

ते शाळेचं शेवटचं वर्ष होतं आणि माझं सगळं ठरलेलं होतं. दूरच्या शहरातल्या एका कॉलेजच्या टेनिस संघात मला खेळायचं होतं. मुलींच्या संघात जागा एकच रिकामी होती. तिथल्या कोच मॅडमनी कळवलं होतं की एका अख्ख्या सामन्याचा व्हिडिओ न कापता पाठव. कॅमेरा कोर्टाच्या मागे उंचावर हवा, म्हणजे दोन्ही खेळाडू आणि चेंडू सतत दिसतील. उंचावर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला.

खांब आला, माझी आंतरशालेय स्पर्धेची फायनल त्याने शूट केली, आणि मी जिंकले. तेही जिच्याशी आजवर एकदाही जिंकले नव्हते त्या डावखुऱ्या मुलीशी. मी नुसती हवेत होते.

माझे बाबा दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. बाबांना कुठला दम निघतोय, त्यांनी व्हिडिओ सरळ दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर लावला. बसलेल्या पेशंटना अभिमानाने सांगितलं की ही आमची कन्या. काउंटरवर आई होती, तिनेही हातातलं काम बाजूला ठेवलं.

पडद्यावर मी दिसले. मग माझं कपाळ दिसलं. सर्व्हिससाठी वर उचललेला माझा हात दिसला. दातांत धरून रिबीन घट्ट करणारी मी, घाम पुसणारी मी, धावत पडद्याबाहेर निघून जाणारी आणि हसत परत येणारी मी... समोरची मुलगी नाही, नेट नाही, काहीच नाही. शेवटी सुजलेल्या गालावर रुमाल धरून बसलेल्या एका काकांनी कसंबसं तोंड उघडलं.

"चेंडू कुठे आहे?"

आई मान खाली घालून हसायला लागली. मला रडू येत होतं. एवढा सामना जिंकून पाठवण्यासारखं हातात काहीच नव्हतं.

आणि मग मला आणखी एक गोष्ट दिसली. माझी चूक झाली की मी लगेच बाजूला बघत होते. प्रत्येक वेळी. एकदा कॅमेरा माझ्या नजरेमागोमाग गेला, तर तिथे बाबा बसलेले. स्वतःचीच दाढ कुणीतरी उपटत असल्यासारखा चेहरा करून. आणि त्यांच्याकडे बघणारी मी... माफी मागणारी, एवढीशी झालेली. स्वतःला फार समजणारी मुलगी ती हीच, यावर माझा विश्वास बसेना. बाबांनी रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. मी खरंच असा बघतो का, असं त्यांनी आईला हळूच विचारलं. आईने खोटं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी खांबाला जिन्यातच गाठलं.

"मी तुला सामना शूट करायला सांगितला होता."

"हो. सुरुवातीला कॅमेरा चेंडूवरच होता, शप्पथ. मग..."

"मग काय?"

"मग तू रिबीन दातांनी घट्ट केलीस."

आता यावर कुणी कसं रागवायचं? तरी मी आवाज चढाच ठेवला. मॅडमना व्हिडिओ पाठवायला शेवटचे दोनच दिवस उरले होते. मी डावखुरीला फोन केला. पुन्हा खेळशील का विचारलं, तर ती जणू वाटच बघत होती. तिला फिट्टंफाट करायची होती. म्हणजे या वेळी मी हरूही शकत होते, आणि तेच मॅडमना दिसणार होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी बघते तर रात्रीच्या पावसाचं पाणी कोर्टभर साचलेलं. खांब माझ्याआधीच येऊन वायपरने पाणी ढकलत होता. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, लांबच लांब पाय. मी दुसरा वायपर घेतला.

"तुझे बाबा येणार आहेत?"

"नाही. म्हणाले, मी दवाखान्यातच थांबतो. तिथे तोंड वाकडं केलं तरी मास्क असतो."

तो हसला.

"मग आज चूक झाली की कुणाकडे बघणार?"

"तुझ्याकडे," मी म्हणाले. म्हणायचं म्हणून म्हणाले, आणि वायपर उगाचच जोरात ढकलला.

त्याचा वायपर थांबला. "माझ्याकडे बघून काय उपयोग? मला टेनिसमधलं काहीही कळत नाही."

"म्हणूनच."

तो सगळं पाणी आधीच पुसून कोरड्या केलेल्या बाजूला ढकलत राहिला, आणि मी त्याला टोकलं नाही.

मी हरले. तिसऱ्या सेटमध्ये, अगदी थोडक्यात. डावखुरी त्या दिवशी सुरेख खेळली, आणि मीही. पॉइंट गेला की मी वर बघायचे. कोर्टामागच्या उंच कट्ट्यावर कॅमेऱ्यामागे तो ताठ उभा असायचा. हूं नाही की चूं नाही, चेहऱ्यावर ना काळजी ना निराशा... नुसता मी दिसले म्हणून झालेला आनंद. मग मला हसू यायचं आणि मी पुढच्या सर्व्हिसला तयार व्हायचे. घरी मी बाबांना सांगितलं की हरले आणि हाच सामना पाठवणार आहे. बाबांनी एकदाही तोंड वाकडं केलं नाही, आणि मास्कही नव्हता.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातच होते. बाबा हातमोज्यांसकट बाहेर आले. गालवाले काका तपासणीला आलेले होते, गाल आता जागेवर होता. आणि दाराशी, गळ्यात न अडकवता हातातच कॅमेरा धरून, खांब. बाबांच्या मते त्याचे दात ठणठणीत होते, तरी त्या आठवड्यात तो दुसऱ्यांदा दाखवायला आला होता. मी फोन स्पीकरवर टाकला.

मॅडमनी आढेवेढे न घेता सांगितलं की जागा माझी. बॅकहँडवर पुष्कळ काम करावं लागेल, पण पॉइंट गमावल्यावर इतक्या लवकर पुढच्याला तयार होणारी मुलगी त्यांना हवीच होती. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी काकांना मिठी मारली.

"एक विचारू?" मॅडम म्हणाल्या. "दर वेळी पॉइंट गेला की तू कॅमेऱ्याकडे बघून हसतेस. कॅमेऱ्यामागे कोण आहे?"

मी दाराकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते.

"मला आवडणारा मुलगा आहे, मॅडम."

"अस्सं. त्याला माहीत आहे का?"

"आत्ता कळलं."

चेंडू लागला तेव्हा ज्याने कॅमेरा सोडला नव्हता, त्याच्या हातून तो सुटला. नशीब, काकांच्या मांडीवर पडला. खांबाला त्याचं भानच नव्हतं. तो तसाच पुढे आला, माझ्या हातातल्या फोनवर वाकला आणि घसा खाकरून म्हणाला,

"मॅडम, तुमच्या कोर्टाच्या मागे उंच जागा आहे ना?"